सेन्सरवरचा कावळा

पुण्यात समुद्र नाही, तरी मी दिवसभर किनाऱ्यावरच्या वाऱ्यातच असते, म्हणजे लॅपटॉपवर. काल चहा घेताना आई म्हणाली, "वारा किती ते मोजलं की झालं ना?" नाही ना गं! वारा पाण्याला किती ओढतो ते वेगाच्या वर्गावर जातं, वेग दुप्पट तर ओढ साधारण चौपट, सेकंदाला 10 मीटर वाऱ्याला चौरस मीटरमागे जेमतेम 0.15 न्यूटन, ऐकायला काहीच नाही पण मैलोन्मैल उथळ पाण्यावर हाच जोर पाणी किनाऱ्यावर चढवतो. त्यात खोल समुद्राचा ड्रॅग कोएफिशंट, म्हणजे वेगावरून ओढ काढायचा आकडा, किनाऱ्याजवळ जसाच्या तसा लावला की गंडतं, कारण इथल्या लाटा उभ्या, फुटणाऱ्या. म्हणून ओढ तिथेच मोजायला सोनिक अॅनिमोमीटर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी वारा मोजणारा सेन्सर, सेकंदाला 20 रीडिंग. त्यातला एक तास नुसता कचरा निघाला, फोटो बघितला तर सेन्सरवर कावळा, अगदी निवांत!