उत्तर आलं, मग फोड कशाला?

गूढ शब्दकोडी सोडवते म्हटलं की लोक आधी विचारतात, "हे सुचतं कसं?" पण जे माझ्याबरोबर कोडं घेऊन बसतात, त्यांचा प्रश्न निराळा असतो. उत्तर सापडलं, घरांत बसलं, आडव्या-उभ्या शब्दांशी जुळलंही. मग आता त्याची फोड, म्हणजे सूत्रातून ते उत्तर कसं निघतं हे, काय लिहीत बसायची? पुढचं सूत्र घेऊ या की! हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा नीट उत्तर देते. गूढ कोड्यात उत्तर हा निम्माच भाग असतो. फोड जमली नाही, तर घरं भरली असली तरी माझ्या लेखी ते सूत्र सुटलेलं नाही.

ज्यांनी फक्त वर्तमानपत्रातलं साधं शब्दकोडं सोडवलंय त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. साध्या कोड्यात "कमळ" हवं असेल तर शोधसूत्र असतं "एक फूल" किंवा "पंकज". गूढ कोड्यात त्याच शब्दाचं सूत्र असं असू शकेल: "अंधुक मळभातून दिसणारं फूल (३)". कंसातला आकडा उत्तरात किती अक्षरं ते सांगतो. वाचल्यावर डोळ्यांसमोर ढगाळ सकाळ उभी राहते, आणि ती सकाळ पूर्णपणे बाजूला सारायची असते. "फूल" ही व्याख्या. बाकीचे शब्द उत्तर कुठे आहे ते सांगतात: "अंधुक मळभातून" या अक्षरांमधून पाहा. अंधु-क-म-ळ-भातून. उत्तर पहिल्यापासून तुमच्या समोर छापलेलं होतं.

दुसरं एक सूत्र मला फार आवडतं: "बारमध्ये जा, तिथे भाव ठरतात (३)". वाचणारा मनानं बारच्या दारापर्यंत पोचतो. "जा" ही आज्ञा वाटते, कारण मराठीत ती रोज ऐकायची सवय आहे. इथे मात्र "जा" हे नुसतं अक्षर आहे. ते "बार"मध्ये घाला: बा-जा-र. जिथे भाव ठरतात तो बाजार. यातला "मध्ये" आपलं नेहमीचंच काम करतोय, फक्त माणसाऐवजी अक्षराला आत पाठवतोय. एकही शब्द खोटा नाही, एकही शब्द फुकट नाही. हे उत्तर सुचल्यावर जो आनंद होतो, तो "बाजार" या शब्दाचा नसतो. बाजार काय, रोजचाच आहे. आनंद असतो वाक्य उघडलं त्याचा, आणि फोड लिहिताना ते दुसऱ्यांदा उघडतं.

या खेळाचे नियम इंग्लंडमध्ये घडले. शब्दकोडं स्वतः अमेरिकेतलं. लिव्हरपूलहून तिकडे गेलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी "न्यू यॉर्क वर्ल्ड" या वर्तमानपत्रात ते पहिल्यांदा छापलं. ते इंग्लंडला पोचल्यावर तिथल्या लोकांनी त्याला गूढ केलं. १९२६ पासून "ऑब्झर्व्हर" या वर्तमानपत्रात टॉर्कमाडा या टोपणनावानं कोडी येऊ लागली. ती विलक्षण होती, पण सूत्रकार सोडवणाऱ्याला किती छळू शकतो याला धरबंध नव्हता. १९३९ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या डी. एस. मॅकनट यांनी झिमेनीझ हे नाव घेतलं. दोन्ही नावं छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची आहेत, यावरून सोडवणाऱ्यांचे हाल कळावेत. पण शिस्त आणली ती याच झिमेनीझनी. त्यांच्या परंपरेत सूत्रात दोनच गोष्टी असाव्यात: नेमकी व्याख्या, आणि त्याच उत्तराकडे नेणारा शब्दखेळ. तिसरं काहीही नको. सूत्रकारानं दिशाभूल जरूर करावी, पण जे लिहिलंय त्याचा अक्षरशः अर्थ लावला तर तो बरोबर निघालाच पाहिजे.

आणि तो निघतो की नाही, हे फोड लिहिल्याशिवाय कळत नाही. वरच्या सूत्रात कुणी "सुंदर फूल" लिहिलं असतं, तरी तुम्ही कमळ ओळखलंच असतं. पण फोड लिहिताना प्रत्येक शब्दाला त्याचं काम विचारावं लागतं, आणि "सुंदर" गप्प बसतो. त्याला काढायचं.

याहून गंभीर दोषही असाच सापडतो. समजा सूत्र आहे: "वेल उलटी ठेका (२)". वेल म्हणजे लता, ती उलटली की ताल. झालं उत्तर! पण थांबा. "उलटी" मधोमध उभी आहे. वेल उलटून ठेका होतो, तसाच ठेका उलटून वेल होते. ताल लिहावं की लता? सूत्र काहीच सांगत नाही. उभ्या शब्दातून एखादं अक्षर मिळालं तर निभेल, पण ती सूत्रकाराची पुण्याई नव्हे. मी ते असं लिहीन: "उलटी चढलेली वेल धरते ठेका (२)". आता उलटी आहे ती वेलच, म्हणून उत्तर ताल. यावरही आमच्यातला एक तबलावादक हरकत घेतो: ठेका म्हणजे त्या तालाचे ठरलेले बोल, ताल नव्हे. त्याचं बरोबर आहे. व्याख्या थोडी सैल आहे, आणि हे बोलणं निघालं ते फोड मांडली म्हणून. नाहीतर आम्ही सगळे ताल लिहून पुढे गेलो असतो.

मराठीत फोडीची गरज मला आणखी जास्त वाटते, कारण इंग्रजीतले नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत आणि आपले आपल्यालाच ठरवायचे आहेत. आपल्या चौकोनात एक अक्षर बसतं, मात्रा-वेलांटीसकट. "स्त्री"सुद्धा एकाच घरात. याचे परिणाम फार दूरवर जातात. इंग्रजीत अक्षरांची उलथापालथ करून नवा शब्द काढणं ही सूत्रकाराची रोजची भाजी-भाकरी; आठ-नऊ अक्षरं असली की डोकं फिरतं. मराठीत तीन अक्षरी शब्दाच्या मांडण्या होतात सहा, त्यातली एक सूत्रात दिलेलीच. उरल्या पाच. "काव्य विकता गडबडीनं (३)" हे सूत्र म्हणून गोड आहे, विकता ढवळलं की कविता मिळते, पण ते कुणाला अडवणार नाही. शिवाय आडव्या शब्दातून उभ्याला एक अक्षर मिळालं, तर अख्ख्या बाराखडीतून नेमकं एक मिळालेलं असतं. म्हणून मराठी सूत्रकाराला खरं बळ श्लेषातून आणि जोडणीतून काढावं लागतं. "लग्नाला उभा राहतो तो देवानं दिलेला (२)": वर, दोन्ही अर्थांनी. किंवा "मास्तरांची गाडी देश चालवते (४)": सर अधिक कार, सरकार. यातलं "चालवते" जरा जवळून पाहा. गाडीला ते चालतं, कारण गाडी स्त्रीलिंगी. आणि सरकारलाही चालतं, कारण लेखी मराठीत नपुंसकलिंगी रूप "चालवते" असंच होतं. तेच बोलीत "चालवतं" लिहिलं की गाडी बाहेर पडते आणि सूत्र उघडं पडतं. इंग्रजीतल्या सूत्रकाराला क्रियापदाच्या लिंगाची ही विवंचनाच नाही, आणि हे सुखही नाही.

नुसतं उलटवून मिळणारी सूत्रंही आपल्याकडे अक्षरावर चालतात. "उलटी वाहणारी नदी बिचारी (२)": दीन. या प्रकारातला माझा सगळ्यात लाडका शब्द मात्र राम. वाल्या कोळ्याच्या तोंडून रामनाम उमटेना, म्हणून नारदांनी त्याला "मरा मरा" म्हणायला सांगितलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. एम-ए-आर-ए ही रोमन अक्षरं उलटी लावली तर ए-आर-ए-एम होतं, राम होत नाही. अक्षर धरून उलटवलं की होतो. आणि जप सलग चालू ठेवला तर उलटवायचीही गरज उरत नाही. म्हणून सूत्र असं: "वाल्याच्या 'मरा मरा'मध्ये दडलेला (२)". म-रा-म-रा, मधली दोन अक्षरं उचला. यात व्याख्या वेगळी काढता येत नाही, कारण अख्खं सूत्र हीच व्याख्या आहे. वाल्याच्या जपात खरोखरच कोण दडला होता? तोच. इंग्रजीत अशा सूत्राला "अँड लिट" म्हणतात आणि त्याचा मान सगळ्यात वरचा. आपल्या कथेनं ते तयार करून ठेवलं होतं. अक्षरांशी असं खेळणं मराठीला नवं नाहीच. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण (प, ब, म असे ओठ मिटून उच्चारायचे) टाळून निरोष्ठ रामायण लिहिलं, म्हणजे ज्याची कथा सांगायची त्या रामाचं नावच घेता येणार नाही, कारण त्यात म आहे.

काही बाबतींत मी उदार आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की शब्द बदलतो. घोडा "घोड्यात" होतो, मग त्याच्या पोटात अक्षर घालायचं तर घो-डा धरायचं की घो-ड्या? मी म्हणते मूळ शब्द धरावा. भाषेनं जे रूप सक्तीनं घ्यायला लावलं, त्याचा दोष सूत्रकारावर येऊ नये. "बार"सारखे शब्द प्रत्ययानं बदलत नाहीत म्हणून सोयीचे, पण सगळी कोडी उसन्या शब्दांवर बेतली तर मराठीत कोडं काढण्याला अर्थ राहत नाही.

पण एका जागी मी अडून बसते. आमच्या गटात सूत्र आलं होतं: "गोंधळलेला नवरा झाडावर राहतो (३)". सगळ्यांनी क्षणात वानर लिहिलं, हसले, वाहवा केली. फोड लिहायला घेतली आणि पेन थांबलं. न-व-रा. वा-न-र. व्यंजनं तीच, पण काना रा वरून उठून व वर जाऊन बसलाय. आपण अक्षरं ढवळतो म्हणतो तेव्हा मात्रा अक्षराला चिकटलेली असते. ती सुटी करून फिरवायची मुभा कुणी दिली? काहींचं म्हणणं, उत्तर तर सगळ्यांना आलं, मग हरकत कसली. उत्तर आलं ते "झाडावर" या शब्दामुळे आणि नवऱ्यांबद्दलच्या जुन्या विनोदामुळे, सूत्रामुळे नव्हे. काना हलवायचा असेल तर खुशाल हलवावा, पण सूत्रात तसं सांगावं: "काना हलवून गोंधळला नवरा, झाडावर राहतो (३)". आधीच्या वाक्याइतकं ते ओघवतं नाही, हे मला मान्य आहे. तरी मी हेच छापीन. याहून सफाईदार लिहायचं असेल तर काना हलल्याचं सांगणारा बरा शब्द शोधू, माझी रात्र जागायची तयारी आहे. पण काना न सांगता हलवलेलं सूत्र माझ्या कोड्यात येणार नाही.