लीथला एडिनबरा म्हणू नका प्लीज

इंडियातून इकडे एडिनबराला, म्हणजे स्कॉटलंडच्या राजधानीत, कुणी आलं की यादी ठरलेलीच असते. कॅसल, रॉयल माईल, आर्थर्स सीटची टेकडी, आणि वेळ उरला तर लीथला जाऊन राणीची बोट. ती बोट म्हणजे रॉयल यॉट ब्रिटानिया, 1998 पासून लीथमधे आहे, आता ओशन टर्मिनल मॉलला लागून उभी असते. छान ठेवलीय, बघायला माझी ना नाही, पण तिकीट महाग आणि बोट बांधलीय तिकडे ग्लासगोजवळ क्लाइडबँकला, म्हणजे लीथचं तिच्यात तसं काहीच नाही. आणि लोक तेवढंच बघून, सेल्फी काढून परत ट्राममधे बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

लीथ हे एडिनबराचं बंदर. पण लीथच्या माणसाला 'एडिनबराचेच ना तुम्ही' म्हणून बघा, ठाण्याच्या माणसाला 'म्हणजे मुंबईच की' म्हटल्यावर जो चेहरा होतो तोच दिसेल. कारणही आहे. 1920 साली लीथ एडिनबरात विलीन केलं, त्याआधी लोकांचं मत घेतलं होतं, बाजूने 4,340 आणि विरोधात 26,810. तरी केलंच! शंभर वर्षं झाली पण अजून पबमधे कुणी ना कुणी तो विषय काढतोच.

ट्रामचं तर विचारूच नका. विलीनीकरणाच्या आधी लीथच्या ट्राम विजेवर आणि एडिनबराच्या ट्राम जमिनीखालच्या केबलने ओढल्या जायच्या, त्यामुळे हद्दीवर पिलरिगला सगळ्यांनी उतरायचं आणि सामान घेऊन, पावसात, दुसऱ्या ट्राममधे चढायचं. ते 1922 ला संपलं. मग ट्रामच बंद झाल्या, आणि नवीन ट्राम आली 2014 ला तर ती लीथपर्यंत आणलीच नाही, पैसे संपले. लीथ वॉकवरून ट्राम धावायला 2023 उजाडलं. तोपर्यंत तो रस्ता इतक्या वेळा खणला की दुकानदार बिचारे रडकुंडीला आले होते. (खणलेल्या रस्त्यावरून उड्या मारत जायची आपल्याला सवय असते, तेवढाच फायदा.)

विलीनीकरणानंतर एडिनबराने लीथकरांना एक भेट दिली, टाऊन हॉल आणि त्याला जोडून लायब्ररी, फेरी रोडवर, 1932 मधे. टाऊन हॉल म्हणजेच आताचं लीथ थिएटर. 1941 ला त्यावर बॉम्ब पडला, दुरुस्त केलं, मग 1988 ला बंद पडलं ते कित्येक वर्षं तसंच धूळ खात. आता लोकांनीच मागे लागून परत उघडलंय, कार्यक्रम होतात. लायब्ररीत हिवाळ्यात जाऊन बसायला मस्त, हीटर चालू असतो आणि कुणी उठ म्हणत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. नदीच्या बाजूला, मिल लेनवर एक जुनं दगडी चर्च आहे, टोकदार कमानी, उंच मनोरा, आणि जवळ गेलं की फोडणीचा वास येतो. हे गुरुद्वारा आहे, 1976 पासून. बूट काढायचे, डोक्यावर रुमाल बांधायचा, खाली पंगतीत बसायचं, स्टीलच्या ताटात डाळ पोळी भाजी खीर, वाढणारे काका 'और लो बेटा' म्हणत हात आडवा करूच देत नाहीत. आपण इतक्या थंडीत स्कॉटलंडमधे बसून गरम पोळी खातोय यावर विश्वास बसत नाही.

पण हे चर्च बांधलं कुणी? सर जॉन ग्लॅडस्टनने, 1840 च्या सुमारास. मूळचा लीथचाच, आणि नंतर ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा बाप. पैसा आला डेमेरारातल्या, म्हणजे आताच्या गयानातल्या, उसाच्या मळ्यांतून. तिथे त्याचे हजारो गुलाम होते. गुलामगिरी बंद झाली तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली ती गुलामांना नाही, मालकांना, आणि ह्या माणसाला मिळाले एक लाख पौंडांहून जास्त. मग मळ्यात राबणार कोण? तर ह्याने कलकत्त्याच्या एका कंपनीला पत्र लिहून माणसं मागवली. 1838 साली 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' अशा दोन जहाजांतून सुमारे 400 माणसं करारावर गयानाला उतरली. कॅरिबियनमधले भारतीय तिथून सुरू होतात. आणि त्याच माणसाच्या चर्चमधे आज अरदास होते, लंगर चालतो. हे कळलं त्या दिवशी माझा हातातला घास तसाच राहिला.

2018 च्या ऑगस्टमधे कुणीतरी पहाटे ह्या गुरुद्वाराला आग लावली होती. नुकसान झालं, पण आजूबाजूचे लीथकर उभे राहिले पाठीशी, आणि लंगर काही कायमचा थांबला नाही.

अजून एक, डॅलमेनी स्ट्रीटवरचा ड्रिल हॉल, म्हणजे सैनिकांच्या कवायतीचा जुना हॉल. आता तिथे कलाकारांचे स्टुडिओ आहेत, कॅफे आहे, कॉफी स्वस्त. पण 22 मे 1915 ला ग्रेटनाजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला, लढाईवर निघालेली लीथची पलटण त्या गाडीत होती, दोनशेच्या वर पोरं गेली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आणून ठेवलं ते ह्याच हॉलमधे. एकाच गावची पोरं, घराघरांतली. स्मारक जवळच रोझबँक कब्रस्तानात आहे, नावं वाचायची असतील तर वेळ काढून जा.

आणि जाता जाता लीथ लिंक्स बघाच, मोठ्ठं मैदान. गोल्फचे पहिले लिहिलेले नियम 1744 ला इथल्याच खेळासाठी केले, सगळे मिळून 13. आता तिथे गोल्फ नाही, उन्हाळ्यात क्रिकेट असतं. मॅच चालू असेल तर बाउंड्रीला बसून बघता येते, पैसे लागत नाहीत, फक्त जॅकेट न्या.