झडप बदलताना हृदयाचा स्नायू कसा सांभाळतात

झडप धातूची बसवायची की जैविक, हे चोपडा-रावेरकडून येणारे नातेवाईक हटकून विचारतात; शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाच्या स्नायूचे काय होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. हार्ट-लंग मशीन, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणारे यंत्र, चालवणाऱ्या माझ्यासारख्याचे निम्मे लक्ष त्या स्नायूवरच असते.

महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लागला की हृदयाचा स्वतःचा रक्तपुरवठा बंद होतो. तशात ते धडधडत राहिले तर स्नायूतली ऊर्जा झपाट्याने संपेल, म्हणून पोटॅशियमयुक्त थंड द्रावण, म्हणजेच कार्डिओप्लेजिया, देऊन ते शिथिल अवस्थेत थांबवतात. नुसत्या थांबण्यानेच ऑक्सिजनची गरज सुमारे ९० टक्क्यांनी घटते, आणि थंडाव्याने उरलेलीही आणखी उतरते. लंडनमध्ये मेलरोझ यांनी १९५५ साली ही युक्ती मांडली, पण त्यांच्या द्रावणातील पोटॅशियम इतके तीव्र होते की स्नायूलाच इजा होऊ लागली आणि पद्धत मागे पडली. सत्तरच्या दशकात ती सौम्य मात्रेने परतली. तेव्हाच्या अशा सौम्य द्रावणांपैकी सेंट थॉमस द्रावणात पोटॅशियम लिटरला १६ मिलीमोलच असते.

खरी कसोटी लागते ती महाधमनीची झडप गळकी असताना. एरवी द्रावण महाधमनीच्या मुळाशी सोडले की ते आपसूक कोरोनरी वाहिन्यांत, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत, शिरते. इथे मात्र ते गळक्या झडपेतून डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात, उतरते, जवनिका फुगते आणि स्नायू कोरडाच राहतो. केळीला ठिबकचे पाणी मुळाशी न पडता सरीत वाहून जावे, तशी ही गत. अशा वेळी सर्जन महाधमनी उघडून दोन्ही कोरोनरी वाहिन्यांच्या तोंडाशी नळी धरतात, किंवा कोरोनरी सायनसमधून, म्हणजे स्नायूतले रक्त परत नेणाऱ्या शिरेतून, उलट्या दिशेने द्रावण देतात. उलट्या वाटेने उजव्या जवनिकेला पुरेसे द्रावण पोहोचत नाही, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबणे मला पटत नाही. झडप अरुंद झाल्याने स्नायू जाड झालेला असेल, तर त्याचा आतला थर सर्वांत आधी उपाशी राहतो.

पहिल्या मात्रेनंतर मी घड्याळ लावतो आणि साधारण वीस मिनिटे झाली की सर्जनना पुढच्या मात्रेची आठवण करतो. मुलांसाठी निघालेले डेल निडो द्रावण आता मोठ्यांनाही देतात, आणि त्याची एक मात्रा सुमारे ९० मिनिटे पुरते, असे मानतात. सोय मोठी आहे, झडप शिवताना हात थांबवावा लागत नाही. तरीही काम लांबत चालले किंवा ईसीजीच्या सपाट रेषेवर हालचाल दिसू लागली, तर ९० मिनिटे भरण्याची वाट न पाहता दुसरी मात्रा द्यावी, या मताचा मी आहे.