सेकंडहँड टर्बो आणि न विझणारा चेक इंजिनचा दिवा

गाडी २०१४ची, जर्मन, दोन दारांची, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. मी तिसरा मालक. व्यवहाराच्या वेळी डॅशबोर्ड लख्ख होता: चावी फिरवली की सगळे दिवे लागायचे, इंजिन सुरू झालं की सगळे विझायचे. मग एकदा ताम्हिणीतून परत येताना चांदणी चौकाच्या जॅममध्ये उभा असताना पिवळा इंजिनाचा दिवा लागला आणि तसाच राहिला.

दिवा स्थिर होता, लुकलुकत नव्हता. लुकलुकत असेल तर सिलिंडर मिस मारतोय आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतंय असं समजायचं आणि गाडी बाजूला घ्यायची. स्थिर दिव्याची गाडी सावकाश घरी नेता येते. पिकअपमध्ये काही फरक नव्हता. आयडलिंगला मात्र बोनेटखालून एक बारीक शिट्टी ऐकू येत होती. ती मी घेतल्यापासूनच होती, आणि टर्बो म्हटल्यावर शिट्टी आलीच, असं मला विकणाऱ्यानेच सांगितलं होतं.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा ओबीडी सॉकेट असतो, त्यातून इंजिनाच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचता येतात. आपल्याकडे १ एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, म्हणजे त्यानंतरच्या कुठल्याही गाडीत हे उघडून बघता येतं. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल लावला आणि फोनवर ॲप उघडलं. कोड आला पी-०१७१: मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पण त्याहून मजेशीर आकडा खालच्या कोपऱ्यात होता. कोड पुसल्यापासूनचं अंतर: ३१२ किलोमीटर. ओडोमीटरवर ६८ हजार असताना! म्हणजे मला गाडी दाखवण्याआधी कुणीतरी कोड उडवून ठेवला होता. अशा कोडला बहुतेकदा लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये तोच दोष दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. शिवाय पुसल्यावर इंजिनाच्या कॉम्प्युटरने शिकलेले आकडेही शून्यावर येतात आणि ते पुन्हा शिकायला त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात व्यवहार उरकतो. जुनी गाडी बघायला जाताना हा डोंगल खिशात असावा. मॉनिटर (कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या) ‘अपूर्ण’ दिसले तर काल-परवाच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढलीय हे लगेच कळतं.

ज्या मल्टिब्रँड वर्कशॉपमध्ये आधी गाडी नेली, तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने कोड वाचून धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या दोन्ही सेन्सरचं कोटेशन पुढे केलं. रक्कम लिहीत नाही, पण तेवढ्यात एक बरी स्कूटर येते. सेन्सर खराब कशावरून, असं विचारलं तर म्हणाले, “सर, लीनचा कोड सेन्सरच देतो ना.” हे म्हणजे थर्मामीटरमध्ये ताप दिसला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं झालं. मी गाडी परत आणली.

त्या रात्री फ्रीझ फ्रेम नीट बघितली. दिवा लागण्याच्या क्षणी कॉम्प्युटर परिस्थितीचा एक फोटो काढून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात वेग शून्य, इंजिन ७८० आरपीएम, कूलंट ९१ अंश, आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २४. फ्युएल ट्रिम म्हणजे कॉम्प्युटरने आपल्या मूळ हिशेबावर केलेली टक्केवारीतली दुरुस्ती. अधिक २४ म्हणजे ठरलेल्यापेक्षा २४ टक्के पेट्रोल जास्त ओतलं तेव्हा कुठे मिश्रण जागेवर येतंय. चार-पाचपर्यंत कुणी लक्ष देत नाही, वीस-पंचवीसच्या आसपास बहुतेक गाड्या दिवा लावतात.

मग गाडी गरम करून, न्यूट्रलमध्ये रेस धरून ठेवली. ३००० आरपीएमला तोच आकडा अधिक ८ वर आला. रेस सोडली की परत चढायचा.

मला विचाराल तर सगळं निदान या दोन आकड्यांतच होतं, पुढचं सगळं जागा शोधण्याचं काम. एअरफ्लो सेन्सर हवा कमी मोजत असेल किंवा पेट्रोल पंप दमला असेल तर जास्त हवा, जास्त पेट्रोल लागतं तेव्हा, म्हणजे लोडवर आकडा बिघडायला हवा. ऑक्सिजन सेन्सर खोटं सांगत असेल तर सगळीकडेच सांगेल. फक्त आयडलला बिघडतो आणि रेस दिल्यावर सुधारतो याचा अर्थ कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. भोक तेवढंच राहतं, पण आयडलला इंजिन एकूण हवाच थोडी घेतं, म्हणून त्यात चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो. एवढं पटलं तरी ३००० ला उरलेल्या आठचं काय, हे मात्र मला सुचत नव्हतं. ते तसंच बाजूला ठेवलं.

हडपसरच्या पुढे एका शेडमध्ये काम करणाऱ्या चाचांचं नाव कारवाल्या मित्राने सुचवलं. कार्बोरेटरच्या जमान्यापासूनचा माणूस. त्यांनी आधी स्कॅनर नाही लावला, आधी शिट्टी ऐकली. “टर्बो आयडलला कशाला शिट्टी मारेल साहेब? त्याला काम तरी असतं का तेव्हा?” मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडायला सांगितलं. झाकण निघेना, आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखं. जोर लावून काढलं तर इंजिन बंद पडता पडता राहिलं. चाचा म्हणाले, “एअर पकडतंय. पण पाइपातून नाही.”

तरी त्यांनी स्मोक टेस्ट केली. रंगाच्या रिकाम्या डब्यात स्वतःच बनवलेलं यंत्र: आत तेल, तापायला हीटरची तार, आणि हवेचा अगदी हलका दाब. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये धूर सोडला. मी हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या गास्केटवर टॉर्च धरून बसलो होतो, पण तिथे काहीच नाही. होज पाइप, क्लॅम्प, डिपस्टिकची रिंग, सगळं कोरडं. धूर आला तो इंजिनाच्या डोक्यावरच्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या प्लास्टिक झाकणातल्या टाचणीएवढ्या भोकातून.

पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोकळीत, उतरतोच. तो बाहेर सोडायला बंदी, म्हणून पीसीव्हीतून परत इनटेकमध्ये देतात. आयडलला मॅनिफोल्डमध्ये जबर व्हॅक्यूम असतो, तो थेट क्रँककेसवर पडू नये म्हणून मध्ये एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका अंगाला बाहेरची हवा लागावी म्हणून ते बारीक भोक. दहा वर्षं गरम तेलाची वाफ खाऊन पडदा फाटला की त्याच भोकातून हवा आत घुसते, शिट्टी वाजते आणि क्रँककेसमधला व्हॅक्यूम वाढून ऑइलचं झाकण निघत नाही. टर्बोगाड्यांमध्ये हा आजार अगदी नेहमीचा आहे.

चाचांनी गाडी सुरू करून त्या भोकावर बोट ठेवलं. शिट्टी थांबली. माझ्या हातातल्या फोनवर शॉर्ट टर्म ट्रिमचा, म्हणजे त्या क्षणीच्या दुरुस्तीचा आकडा धाडकन खाली आला. बोट काढलं, परत वर. बोट ठेवलं, खाली. दोघांनीही हा खेळ जरुरीपेक्षा जास्त वेळ केला हे कबूल.

अख्खी पीसीव्ही असेंब्ली नाना पेठेत दोन भावांत मिळत होती. स्वस्तातली हातात घेतल्यावर तिचं प्लास्टिकच पातळ लागलं, म्हणून ओरिजिनल पुरवठादाराची मागवली. बसवणं सोपं, टॉर्क्सचे थोडे स्क्रू आणि एक गास्केट. फक्त इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि आजूबाजूच्या जुन्या प्लास्टिकच्या पाइपांना जपायचं, नुसता धक्का लागला तरी तुकडे पडतात. कोड पुसला, गाडी रोजच्यासारखी चालवली. शिट्टी नाही, दिवा नाही. आयडलचा आकडा स्थिरावला तो अधिक ८ वर.

तोच आठ, जो ३००० ला होता. तेव्हा डोक्यात उजेड पडला: पेट्रोल! शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे २० टक्के मिसळलं की तेवढ्याच हवेला साधारण आठ टक्के इंधन जास्त द्यावं लागतं, प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. माझी गाडी २०१४ची. तिचा मूळ हिशेब ई-२० (आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) धरून केलेलाच नाही. खात्रीसाठी टाकी रिझर्व्हला येऊ दिली आणि लिटरला दीडशेच्या वर भाव असलेलं, इथेनॉल नसलेलं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. दोन्हीकडचा आकडा एक-दोनवर येऊन बसला.

म्हणजे पडदा फाटल्याचे सोळा आणि इथेनॉलचे आठ. नुसत्या सोळाने दिवा लागला नसता, नुसत्या आठाने तर नाहीच. पडदा कदाचित पहिल्या मालकाच्या काळातच फाटला असेल आणि दहा टक्के इथेनॉलच्या दिवसांत कॉम्प्युटरने ते निमूटपणे सांभाळून घेतलं असेल. ई-२० आल्यावर त्याच्या हाताची लांबी संपली. इथेनॉलला शिव्या घालणारे आणि इथेनॉलने काहीच होत नाही म्हणणारे, दोघांनाही मी हे आकडे दाखवतो. दोघंही नाराज होतात.

पीयूसीला या सगळ्याचं काही देणंघेणं नाही. दिवा लागलेला असतानाच माझं सर्टिफिकेट निघालं होतं. सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडे बसले, झालं. न्यू जर्सीतल्या मावसभावाला हे खरं वाटेना, तिकडे इन्स्पेक्शनमध्ये हा दिवा दिसला की गाडी नापास.

आता रोज साधंच पेट्रोल भरतो, आकडा आठवर असतो, दिवा बंद आहे. राहिलं ते एक काम: इतके महिने व्हॅक्यूम ओढला गेल्याने क्रँकच्या मागच्या बाजूचं ऑइल सील थोडं पाझरतंय. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. चाचांचं म्हणणं, जमिनीवर थेंब पडायला लागेपर्यंत हात लावायचा नाही, फक्त दर महिन्याला डिपस्टिक बघायची.