मग, चाललं का औषध?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॅन्सरच्या औषधांवर काम करते म्हटलं की लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या जिन्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग, चाललं का औषध?" यंदा तो मामीने विचारला. मामांच्या घशाच्या कॅन्सरचे पस्तीस लाईट, म्हणजे किरणोपचार, आणि सोबतची केमो नुकतीच संपली होती, त्यामुळे दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटणं मला जमलं नाही.

आम्ही तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवतो. साध्या ताटलीत त्या तळाला चिकटून एकपदरी पसरतात. प्रत्येकीला औषध सारखं, ऑक्सिजनही सारखा. गाठीत असं कधीच नसतं. म्हणून 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये आधी ॲगरोज नावाच्या जेलीचा थर ओततो. तळाला धरायला काही उरत नाही, मग पेशी एकमेकींनाच धरतात आणि चार-पाच दिवसांत प्रत्येक खळग्यात रव्याच्या कणाएवढा एक गोळा तयार होतो. ह्याला स्फेरॉइड म्हणतात. कॅनडात रॉबर्ट सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या सुमारास ही पद्धत कॅन्सरच्या अभ्यासात रुजवली.

त्या कणाच्या आत एक अख्खं गाव असतं. बाहेरच्या थरातल्या पेशी भराभर विभागतात, त्याखालच्या निपचित पडून असतात, आणि गोळा पुरेसा मोठा झाला की मधल्या मरून जातात. कारण ऑक्सिजन जिवंत पेशींमधून दीड-दोनशे मायक्रोमीटरच आत पोचतो, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीइतका. टॉमलिन्सन आणि ग्रे ह्या संशोधकांनी हे अंतर 1955 साली फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कापांवरून दाखवलं होतं. लाईटसाठी ही फार मोठी अडचण आहे. किरणांनी डीएनएला केलेली इजा ऑक्सिजनमुळे पक्की होते. ऑक्सिजन नसेल तर तीच पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. औषधाचीही वाट अशीच अडते. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध स्वतःच नारिंगी-लाल चमकतं, त्यामुळे ते कुठवर पोचलं हे मायक्रोस्कोपखाली सरळ दिसतं: काठाला चमकदार कडं आणि आत अंधार. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नव्हते.

आता मामीचा दुसरा प्रश्न, केमो आणि लाईट एकदम का? सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध डीएनएच्या धाग्यांना जागोजागी टाके घालतं, किरणं ते धागे तोडतात, आणि पेशीला दोन्ही दुरुस्त्या एकाच वेळी झेपत नाहीत. पण हे मानून चालत नाही, मोजावं लागतं. आम्ही चार गट करतो: काहीच न दिलेला, फक्त औषध, फक्त किरणं, दोन्ही. समजा नुसत्या औषधानंतर निम्म्या पेशी उरल्या आणि नुसत्या किरणांनंतरही निम्म्या. मग दोन्ही मिळून पाव उरणं हा नुसता हिशेब झाला, त्यात एकाने दुसऱ्याला मदत केली असं नाही. पावाहून बऱ्याच कमी उरल्या, तरच जोडी जमली म्हणायची. औषध आधी की किरणं आधी, मध्ये किती तास, ह्यानेही आकडे बदलतात. आणि एकपदरी ताटलीत जमलेली जोडी गोळ्यात शिरली की अनेकदा फुटते.

शिकत असताना माझ्या एका प्लेटमध्ये सातव्या दिवशी दोन्ही मिळालेले गोळे विरघळल्यासारखे दिसत होते. काठ फाटलेले, नुसता चुरा. मी आनंदाने फोटो काढले, सगळ्यांना दाखवले आणि प्लेट इनक्युबेटरच्या मागच्या कप्प्यात ठेवून विसरले. बारा दिवसांनी टाकून द्यायला काढली, तर तीन खळग्यांतलं गुलाबी माध्यम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, पिवळं पडलं होतं. जिवंत पेशी आम्ल सोडतात तेव्हा ते पिवळं होतं. चुऱ्याच्या मधोमध नवे गोल गोळे बसले होते.

तेव्हापासून सातव्या दिवसाच्या आकारावर माझा विश्वास नाही. त्याची चूक दोन्ही बाजूंनी होते. किरणं लागलेली पेशी लगेच मरत नाही, एक-दोनदा विभागून मग मरते, म्हणून हरलेला गोळाही काही दिवस मोठाच दिसतो. उलट चुरा झालेला गोळा पुन्हा वाढायला एखादी जिवंत पेशीही पुरते. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच: किती गोळे पुन्हा वाढलेच नाहीत? निम्मे गोळे कायमचे थांबवायला किती डोस लागला, आणि औषध जोडल्यावर तो किती खाली आला? ह्यासाठी दोन-दोन महिने बसावं लागतं. दर दोन-तीन दिवसांनी निम्मं माध्यम बदलायचं, तेही पिपेटने गोळा न ओढता. दिवाळीतही ह्यातून सुट्टी नाही.

इतकं करूनही गोळ्यात रक्तवाहिन्या नसतात, मूत्रपिंड नसतं, उलट्या नसतात. ऑक्सिजन नसलेल्या पेशी हेरून मारणारं टिरापाझमिन प्रयोगशाळेत फार आशादायक होतं. 861 रुग्णांच्या चाचणीत सिस्प्लॅटिन आणि किरणांना ते जोडलं, 2010 साली निकाल आला, आणि रुग्णांचं आयुष्य वाढलं नव्हतं. गाठीत खरोखर ऑक्सिजन कमी आहे का हे पाहून रुग्ण निवडलेलेच नव्हते. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. सोबत दुसरीही सांगते: सिस्प्लॅटिन ज्यांना झेपत नाही अशा 356 रुग्णांना टाटा मेमोरियलमध्ये लाईटबरोबर डोसिटॅक्सेल हे दुसरं औषध देऊन पाहिलं, तेव्हा दोन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण नुसत्या लाईटच्या 30.3 वरून 42 टक्क्यांवर गेलं. चांगल्या जोड्या शोधायलाच हव्यात, कारण ज्यांना नेहमीचं औषध चालत नाही ती माणसंही दारात उभी असतात.

मामी म्हणाली, "डॉक्टर सांगतात गाठ दिसत नाही. मग पेट स्कॅनला बारा आठवडे कशाला थांबवतात?" मी तिला ती पिवळी प्लेट सांगितली. ह्या स्कॅनमध्ये साखर जास्त खाणाऱ्या पेशी उजळ दिसतात, त्यामुळे तो लवकर केला तर लाईटची सूजही पेटलेली दिसते आणि मरायला निघालेल्या पेशीही जिवंत दिसतात, हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, भिंतीवरच्या कॅलेंडरची तीन पानं उलटली आणि एका मंगळवारभोवती पेनाने गोल केला.

माझ्या आत्ताच्या प्लेटचा आज एकेचाळिसावा दिवस आहे.