राजा मेला भूतकाळात, बाकी सगळं वर्तमानात

झेनोफोन या प्राचीन ग्रीक लेखकाचं अनाबासिस हे पुस्तक उघडलं की पहिल्याच वाक्यात इराणचा राजा दारियस आणि राणी पारिसाटिसला दोन मुलं होतात. 'झाली' नाही, 'होतात'. ग्रीकमध्ये गिग्नोन्ताइ, चक्क वर्तमानकाळ. आता ही मुलं, थोरला आर्ताक्सेर्क्सेस आणि धाकटा सायरस, पुस्तक लिहिलं तोवर एकमेकांशी लढून पण झालेली, इसवी सन पूर्व 401 मध्ये कुनाक्साच्या लढाईत सायरस मेलासुद्धा.

व्याकरणात याला ऐतिहासिक वर्तमान म्हणतात आणि कारण ठरलेलं, प्रसंग डोळ्यासमोर उभा राहतो. मला नाही पटत. मुलं झाली यात डोळ्यासमोर काय उभं राहणार, ती तर नुसती नोंद! पुढचं वाचा ना. दारियस वारला, आर्ताक्सेर्क्सेस गादीवर बसला, हे दोन्ही 'जेव्हा'वाल्या पोटवाक्यात, ऑरिस्ट या भूतकाळात उरकलंय. आणि मग तिसाफर्नेस हा इराणी सरदार नव्या राजाचे भावाविरुद्ध कान भरतो, राजाला ते पटतं, तो मारून टाकायच्या इराद्याने सायरसला पकडतो, आई मध्ये पडून त्याला परत त्याच्या प्रांतात पाठवते, ही मुख्य क्रियापदं सगळी वर्तमानात. राजा मरणं केवढी मोठी गोष्ट, पण कथा वळते ती या कान भरण्यापासून, आणि मला वाटतं झेनोफोन तिथेच खूण करतोय. आपण किस्सा सांगताना काय वेगळं करतो, "गेलो, बसलो, आणि तेवढ्यात हा येतो आणि डायरेक्ट फाइलच मागतो". त्याच्या कितीतरी आधीचा ग्रीक कवी होमर, त्याच्याकडे मात्र हा प्रकार नाही.

ग्रीक वर्तमानाचे बाकीचे उपयोग पण भारी आहेत. दिदोमि म्हणजे देतो, पण कधीकधी नुसतं देऊ करतो, समोरचा घेईलच असं नाही. पालाइ लेगो तर मराठी माणसाला शिकवायलाच नको, 'कधीचा सांगतोय', संपलं, इंग्रजीतून शिकलात तर उगाच हॅव बीनमध्ये अडकाल. हेकोची गंमत वेगळीच, रूप वर्तमानाचं पण अर्थ 'आलोय', ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या बाक्खाय नाटकात डायोनायसस देवाचा पहिला शब्दच हा, आणि आपण बरोब्बर उलटे, अजून चपला शोधत असतो पण फोनवर "आलो आलो". फेउगो पण तसंच, एरवी पळतो, पण अथेन्सच्या कोर्टात 'माझ्यावर खटला चालू आहे', आणि हद्दपार झालेला माणूस दुसऱ्या गावात निवांत बसलेला असला तरी फेउगोच म्हणणार.