चालता माल

मुंबईत रेड वाइन घ्यायची तर लेबलाच्या आधी बाटलीवरची धूळ बघावी. आमच्या दादरच्या दुकानात व्हिस्कीच्या फळ्या संपल्या की ट्यूबलाइटच्या बरोबर खाली वाइनचा कोपरा आहे. तिथे एक देखणी फ्रेंच बाटली कधीची ताटकळत उभी आहे. १५० टक्के आयातशुल्क सोसून आली आणि इथे एप्रिल-मेच्या तावडीत सापडली. उकाड्यात वाइनची फळांची चव मावळते, उभ्या बाटलीचं बूच सुकतं, हवा आत शिरते. एवढे पैसे मोजून आंबूस काहीतरी घरी न्यायचं!

शेजारची नाशिकची शिराझ-कॅबर्ने, म्हणजे त्या दोन जातींच्या द्राक्षांची रेड वाइन, मात्र हजाराच्या आतबाहेर मिळते आणि पेटी उघडली की बघता बघता संपते. "मॅडम, इथे हाच माल चालतो," दुकानदार जरा ओशाळून सांगतो. मला ती शिफारसच वाटते. जो माल चालतो त्याला या हवेत बिघडायला वेळच मिळत नाही. कसारा घाट उतरला की मुंबई, प्रवासाचेही हाल नाहीत. मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत भरल्याचा महिना असतो, तो चष्मा लावून वाचावा. मागे लोक खोळंबले तर खोळंबू देत.

नाशिकच्या सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन आली २००० साली, राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण त्याच्या पुढच्या वर्षी. आता अकलूजची सांजोव्हेझे ही इटालियन द्राक्षाची रेड वाइनसुद्धा बऱ्याच दुकानांत दिसते, तीही छान. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचं सरकारने ठरवलं होतं, पण एवढा गदारोळ झाला की ते बारगळलं. बिचाऱ्या बाटल्यांना निदान एसी तरी लाभला असता.

घरी आणल्यावर मात्र शिष्टपणा बाजूला ठेवायचा. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आमचा हॉल रात्री दहालाही तिशीला टेकलेला असतो. तेव्हा अर्धा तास खुशाल फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. साध्या वाइनचा यात फायदाच होतो, अल्कोहोलचा भपकारा बसतो आणि चव जागेवर येते.

बांगड्याच्या तिखल्याबरोबर ती घेऊ नये. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते, शिवाय मिरची दुप्पट झोंबते. रविवारच्या मटणाशी तिचं उत्तम जमतं, फक्त तिखटाचा हात आखडता घ्यायचा. आमच्याकडे यावरून वाद होतात. सासूबाईंना यातलं काहीच पटत नाही. त्यांना गोव्याची गोड पोर्ट वाइन लागते, तीही बर्फ घालून, आणि ती तर कोपऱ्यावरच्या कुठल्याही दारूच्या दुकानात याहून निम्म्या पैशांत मिळते.